गोळीने आणलेली शांतता

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयाचा झटका आला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नाशिकच्या शिवेवर आमचा गुलाबाचा मळा, आणि अण्णांचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात. आई तर त्यांच्या चपलेच्या आवाजावरून दिवस कसा जाणार ते ओळखायची.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी हृदयाचे ठोके आवरणारी एक गोळी रोजची लावून दिली. पंधरा दिवसांत माणूस बदलला. अळणी वरण मुकाट जेवू लागला. व्यापाऱ्याने फुलं परत पाठवली तरी नुसतं "बरं" म्हणाला. मी आईला म्हटलं, "तुझ्या एवढ्या नवसांनी जमलं नाही ते एका गोळीने केलं बघ." आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

थंडी पडली तसं एकेक दिसू लागलं. सकाळी फुलांच्या जुड्या बांधताना अण्णांची बोटं पांढरीफटक पडत. काटा रुतून रक्त आलं तरी त्यांना कळत नसे, मीच ते पुसायची. विहिरीपासून घरापर्यंत येताना ते दोनदा बसत. झोपेत दचकून उठत आणि दिवसभर ओट्यावर गप्प. हसणं केव्हाच गेलं, मला भीती वाटू लागली. हे सगळं गोळी सुरू झाल्यापासूनचं, एवढं समजायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

"डॉक्टरांना सांगू या," मी आईला म्हटलं.

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगशील तर गोळी बदलतील. मंग परत पयल्यासारखं झालं म्हंजे?"

खरं सांगायचं तर मलाही ते पहिल्यासारखं नको होतं.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. नाडी मोजून डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास? थकवा, हातपाय गार पडणं?" अण्णा गप्प राहिले. आई म्हणाली, "नाय, लय बरे हायेत." डॉक्टरांनी शिकलेली मुलगी म्हणून माझ्याकडे पाहिलं. एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नसे, पण त्या दिवशी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये आई पुढे बसली होती. अण्णांनी आपले गार हात माझ्या शालीत सरकवले. मला राहवलं नाही. "अण्णा, तुम्ही का नाय सांगितलं?"

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तुमाला दोघींना आताशी कुठं सुख लागलंय. असाच बाप बरा वाटतो ना?"

मी त्यांचे हात चोळत राहिले. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, गोळी बदलली, बोटांत ऊब आली. पण बसमध्ये त्यांना माझ्याकडून नुसतं एक 'नाही' हवं होतं. ते मला तेव्हा म्हणता आलं नाही, आणि अण्णा गेले तोवर कधीच म्हणता आलं नाही.