अहवालातलं काढलेलं पान

सौंसरच्या दिनकरला दोन माणसांनी फसवलं. एक मी, आणि दुसरे त्याचे नागपूरचे सर. तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी पांढुर्ण्याच्या माझ्या शेडमध्ये संत्र्याच्या पेट्या भरून घेत होतो. सौंसरच्या बसचा कंडक्टर उतरून सरळ आत आला. "शेठजी, दिनकरभाऊ गेले. कावीळ डोक्यात गेली." त्याला आता महिना होऊन गेला.

दिनकर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्या वडिलांची बाग दर हंगामात मीच घ्यायचो, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा. मी सातवी नापास, डोक्यावर टोपल्या वाहून शेडचा मालक झालेला. हा बी.कॉम. होऊन नागपूरला मालाची साठवण आणि वाहतूक यांचा पदव्युत्तर अभ्यास करायला गेला, तेव्हा मला हसू आवरेना. "काय बे, हमालीची एम.ए. करून राहिला का?" तो म्हणाला, "हो भाऊ. तुमची हमाली पाहिली, आता माही पाहा." तोंडाचा तिखट, पण मनात काही ठेवायचा नाही.

दिल्लीत एशियाड झालं त्या वर्षी त्यानं अहवालासाठी आमचाच माल निवडला. पांढुर्ण्याहून निघालेली संत्री दिल्लीला पोचेपर्यंत सडतात कशी? आम्ही व्यापारी वर्षानुवर्षं उन्हाला, रस्त्याला आणि ड्रायव्हरला शिव्या देत होतो. दिनकरनं माझ्या बारा पेट्यांवर निळ्या खडूनं खुणा केल्या, ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून दिल्ली गाठली आणि तिथं एकेक पेटी थराथरानं उपसली. अहवाल लिहून झाल्यावर मोठ्या हौसेनं मलाच वाचून दाखवायला आला. एका पानावर लिहिलं होतं की सडण रस्त्यात सुरू होत नाही, शेडमध्ये सुरू होते. वर मोठी चकचकीत फळं मांडायची आणि मधल्या थरात झाडाखाली पडलेली, मार लागलेली दडवायची. तीच आधी सडतात आणि बाकीच्यांना सडवतात. खरं होतं. आम्ही सगळेच तसं करायचो.

माझं डोकं फिरलं. "माह्याच शेडमध्ये चहा पिऊन माह्याच पेट्या उघड्या पाडून राहिला?"

"भाऊ, तुमचं नाव कुठं घेतलं? रीत चुकीची आहे म्हणून राहिलो. बदलवली तर माल टिकते."

पण माहिती इथूनच घेतली, अशी शेडमालकाची सही अहवालावर लागायची. त्या सहीवाचून कॉलेज तो घेणार नव्हतं. अडलेल्या माणसाशी सौदा कसा करायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हटलं, "पान काढ, सही घे." त्यानं पान काढलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकानं विचारलं, माल सडतो हे कळलं, पण का सडतो? दिनकर गप्प. अहवाल नापास झाला आणि तो पुन्हा परीक्षेला बसलाच नाही. आमच्याच गावात एका ट्रान्सपोर्टमध्ये मालाच्या बिल्ट्या लिहायला लागला. एकदा मीच चिडून म्हटलं, "अबे, पान नव्हतं तर तोंडानं तरी सांगायचं!" तो म्हणाला, "भाऊ, सौदा झाला होता ना."

इतकी वर्षं मी त्या परीक्षकाला शिव्या देत राहिलो. तेराव्याला गेलो तर दिनकरच्या आईनं तो अहवाल माझ्या हातात ठेवला. मागच्या पुठ्ठ्याला ते पान टाचलेलं होतं. समासात लाल शाईनं, अहवाल तपासणाऱ्या नागपूरच्या सरांचं अक्षर, 'हाच तुमचा खरा निष्कर्ष.' म्हणजे सरांनी ते पान आधीच वाचलं होतं. आणि परीक्षेच्या दिवशी, दिनकरनंच मला सांगितलं होतं, ते परीक्षकाच्या शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

शेडमध्ये आला की दिनकर खिळे ठोकण्याआधी पेटीत कोपरापर्यंत हात घालायचा, मधलं एक फळ काढून वास घ्यायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. आता तो हात मी घालतो. हाती लागतं ते बाहेर फेकतो. माझा गुन्हा मी इथं लिहून दिला आहे. सर, पेपरची ही पुरवणी नागपुरात घरोघरी जाते, तुमच्याही घरी येत असेल. पान गायब आहे हे तुम्हाला त्या दिवशी दिसत होतं. मी तर अडाणी व्यापारी, मला माझ्या पेट्यांची भीती होती. तुम्हाला कशाची होती? मला सांगू नका. सौंसरला या, आणि त्याच्या आईसमोर बसून सांगा.