निळ्या टोकाची वायर
खण आवरताना मॉनिटरची जुनी, निळ्या टोकाची वायर हाती लागली आणि काळाचौकीच्या खोलीतला तो रविवार आठवला. आतेभावाने दुबईहून समुद्रतळाच्या माहितीपटाची ब्लू-रे डिस्क आणली होती. भावाने त्यासाठी कॉम्प्युटरला नवा ड्राइव्ह बसवला, शेजारीपाजारी जमले, घरभर मटणासाठी वाटलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास. पण पडद्यावर चित्राऐवजी एकच सूचना येई, हा डिस्प्ले चालणार नाही. भाऊ आणि त्याचे दोन मित्र एकदमच तुटून पडले. एकाने सॉफ्टवेअर काढलं, दुसऱ्याने सेटिंग बदललं, तिसऱ्याने डिस्क बनियनला पुसली. शेवटी सूचनाही येईना. तेव्हा, गिरणीत मागांची दुरुस्ती करणारे, पण ती बंद पडल्यापासून कुठल्याच यंत्राविषयी न बोललेले वडील उठले. "सगळा आधी होता तसा करा," ते भावाला म्हणाले आणि मला पुढे बसवलं. "एका टायमाक एकच बदल, गो. आणि बघ." मी आधी सेटिंग बदलून पाहिलं, मग सॉफ्टवेअर. काही नाही. मग निळ्या टोकाची वायर काढली आणि तिच्याऐवजी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर उपटून मॉनिटरला लावली. आई मालिकेसाठी ओरडली, आणि तेवढ्यात पडदा निळाशार झाला, मासे पोहू लागले. कुणी कॉपी करू नये म्हणून असलं चित्र निळ्या टोकाच्या जुन्या वायरीतून जाऊच देत नाहीत, हे नंतर कळलं. वडील ताठ मानेने सगळ्यांकडे बघत होते. आज ऑफिसात काही बंद पडलं आणि चार जण एकदम हात घालायला लागले, की मी म्हणते, थांबा, एका वेळी एकच. हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं तर सांगते, गिरणीत.