वकीलसाहेबांची शाल

इंदापूरच्या कोर्टात मी बातम्यांसाठी जायचो, तेव्हा या वकीलसाहेबांचं नाव एकाच कामासाठी घेतलं जाई: हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क बहिणींनी भावांसाठी सोडल्याचा दस्त. साहेबांनी केलेला दस्त पुढं कुणाला मोडता आला नाही. पद्धत ठरलेली होती. बहिणीला आधी नवी साडी, ओटी, पेढा; मग निबंधकाच्या टेबलावर सही. ‘स्वखुशीने’ हा शब्द ते स्वतः मोठ्यानं वाचून दाखवत.

पुढं त्यांनी काळा कोट उतरवला आणि बारामतीत एका व्यावसायिक कबड्डी संघाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. “खेळाडू काय आणि पक्षकार काय, माणूस सांभाळायचा असतो,” असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. ते छापून आलं.

निरवांगीच्या एका चढाईपटूचा गुडघा सामन्यात निकामी झाला. करारानुसार ऑपरेशन संघानं करून द्यायचं होतं. ते झालं नाही, तर तो पुन्हा खेळणार नव्हता. अशात संघाच्या कार्यालयातून त्याच्या सत्काराचं निमंत्रण आम्हा पत्रकारांना आलं.

तो कुबडीवर आला. सोबत सणसरला दिलेली थोरली बहीण. फेटा, शाल, नारळ, टाळ्या. मग साहेबांनी कागद पुढं सरकवून वाचला: मी स्वखुशीने संघ सोडत असून माझा संघावर कोणताही हक्क उरलेला नाही.

“आन् आपरेशनचं, सायेब?” त्यानं विचारलं.

“अरे पैलवान, तू घरचा माणूस. कागदाचं काय मनावर घेतोस? बघू की आपण.”

बहीण म्हणाली, “वकीलसायेब, मला साडी नेसवली व्हती, ह्याला शाल. बोलणं त्येच हाय.”

साहेब खदखदून हसले. “ताई, तुमच्या सहीनं भावाचं भलंच झालं ना? विचारा त्याला.”

खोलीतले सगळे हसले. तिनं सोडलेली जमीन याच भावाच्या नावावर लागली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. तो कागदाकडं. त्यानं सही केली.

साहेबांनी पेढे फिरवले. माझ्या हातातला मी तसाच टेबलावर ठेवला; बोटं तुपकट झाली होती.

जिन्यात बहिणीनं त्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवला. “शेमला कुबडीत अडकंल,” एवढंच म्हणाली. तो खाली बसला आणि बुडावर सरकत एकेक पायरी उतरू लागला.