बिनकाजाचा कोट

जळका वास आला तेव्हा मामी आत भांडी घासत होती. तिला वाटलं शेजारचं काहीतरी करपलं असेल. मामांच्या हातून कापड जळेल असं तिच्या मनात येणारच कसं? उभा जन्म इस्त्रीत गेला त्या माणसाचा, कुणाच्या रुमालाला पिवळा डाग पडला नाही कधी. पण वास वाढला तशी ती ओल्या हातानंच पुढच्या खोलीत आली. मामा टेबलावर वाकलेले, छाती टेकलेली, एक हात खाली लोंबतोय. इस्त्री कुणाच्यातरी पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तशीच धरलेली, आणि धूर.

मामीनं आधी इस्त्री उचलली. मग मामांना हाक मारली. हे तिला नंतर फार लागलं, की आधी इस्त्री उचलली. पण त्या घरात इतकी वर्षं तेच शिकलेले हात, ते दुसरं काय करणार होते.

डॉक्टर आले, मनगट धरलं, डोळे पाहिले, म्हणाले, "जागेवरच गेले, त्रास नाही झाला त्यांना." मामी म्हणाली, "त्रास झाला हो. मीच दिला." डॉक्टरांना काय कळणार. ते निघून गेले.

कारण त्याच्या थोडंच आधी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि तेही कोटावरून.

कोटाचं सांगायचं तर थोरल्याच्या लग्नापासून सांगायला पाहिजे. थोरला शिकला, ऑफिसात लागला, सोयरीक मोठ्या घरची जमली. ती सगळी कोटवाली माणसं. मामांकडे कोट कुठला? गल्लीत सगळे त्यांना कडकशेठ म्हणायचे, त्यांच्या इस्त्रीमुळं, पण शेठ फक्त नावाचे. अंगात कायम तेच दोन बुशशर्ट. मग मामांनी काय करावं? एका वकिलाचा कोट इस्त्रीला आलेला होता, तोच घातला. म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न. परत इस्त्री मारून देतो, कुणाच्या बापाला कळतंय."

कळलं. वकील नेमका मुलीकडच्यांचा निघाला. जेवणाच्या रांगेत मामांच्या मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "कडकशेठ, हा खांदा ओळखीचा वाटतोय हो." मामा हसले कसेबसे. त्यानं पुढं होऊन कोटाचा पल्ला उलटला, आतल्या अस्तरावर त्याच्या बायकोनं घातलेली ठिगळाची शिवण होती, ती चारचौघांना दाखवली. "आतल्या खिशात माझा चष्मा असेल बघा, तेवढा द्या. कोट राहू दे, तुम्हाला शोभतोय!" माणसं पोट धरून हसली. वकील मनानं वाईट नव्हता म्हणतात, विनोदी होता. असले विनोदी लोक देवानं का घालावेत जन्माला.

मामांनी तिथंच कोट काढला, घडी घातली आणि वकिलाच्या हातात दिला. घडीसुद्धा नीट घातली. पुढं लग्नभर बुशशर्टावर भिंतीकडेला उभे राहिले. फोटोला थोरल्यानं बोलावलंच नाही, आणि मामा गेलेही नाहीत. तो सगळा अल्बम पाहिलात तर वाटेल या मुलाला बाप नव्हता. थोरला त्यानंतर बायकोला घेऊन वेगळाच राहायला गेला.

म्हणून धाकटीचं लग्न ठरलं तसं मामा मामीला म्हणाले, "या वेळी स्वतःचा कोट. अंगाचं माप देऊन शिवलेला. पुढं उभा राहणार आणि फोटोत येणार."

"एका दिवसासाठी शिवायचा?" मामी म्हणाली. "नंतर काय घालून इस्त्री करणार आहात? भाड्यानं आणा."

"भाड्याचा म्हणजे परत दुसऱ्याचाच की गं."

"मग तयार घ्या दुकानातून."

मामांनी शर्टाची बटणं काढून खांदा दाखवला. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला उतरलेला, जड इस्त्रीनं ओढून ओढून. "याच्यावर तयार कोट बसेल? खुंटीला टांगल्यासारखा दिसेन."

मामीनंच ती बटणं परत लावून दिली.

मग सुरू झाला शिंप्याचा शोध. मुलीसाठी स्थळ बघताना केला नसेल एवढा. काचेच्या मोठ्या दुकानात तर पायरी चढायचीच सोय नव्हती, भाव ऐकूनच घाम फुटावा. आणि मामांना त्यांचे कोट आतून माहीत होते. म्हणायचे, आत सगळं चिकटवलेलं असतं, वाफ दिली की छातीवर फोड आल्यासारखं कापड फुगतं. बाजारातला एक शिंपी स्वस्त होता, पण त्याचा कोट टेबलावर आला की मामा कॉलर उलटून बघायचे आणि नुसतं "हं" करायचे. एकजण चांगला होता, पण कापडही त्याच्याकडूनच, तो सांगेल त्या भावानं घ्यावं लागे. असं करत करत दारापुढून वरात जाईल आणि मापच घेऊन होणार नाही अशी वेळ आली.

मामांची खूण एकच होती. काज. बटण जिथून जातं ते भोक, त्याच्या कडेचे टाके. म्हणायचे, "शिंपी बाकी सगळीकडं फसवेल, काजात फसवता येत नाही." आणि बऱ्याच जुन्या कोटांवर त्यांनी अशी काजं पाहिली होती, हातानं केलेली, मुंग्यांची रांग चालावी तसे टाके. विचारत विचारत पत्ता काढला. एका इमारतीच्या जिन्याखाली बसणारा म्हातारा मास्तर. दर गरिबाला झेपेल असा, कारण गिऱ्हाईकच उरलं नव्हतं त्याच्याकडं.

मामा मामीला सोबत घेऊन गेले. मास्तरनं माप घेतलं, उतरलेल्या खांद्यावर टेप धरून थांबला, म्हणाला, "कसला बोजा उचलता?" "लोकांची इज्जत," मामा म्हणाले, आणि दोघंही हसले. थोरल्याच्या लग्नानंतर प्रथमच मामी त्यांना असं हसताना बघत होती.

निघताना मामांनी बजावलं, "काजं मात्र हातचीच. मशीनचं काज दिसलं तर कोट घेणार नाही, आधीच सांगतो. तुमच्याच घरची ना?"

"आमच्याच घरची," मास्तर म्हणाला आणि खडूचे तुकडे गोळा करायला लागला.

कच्च्या शिलाईचं घालून बघणं झालं. खांद्यात आत भरण घालून दोन्ही बाजू अशा सारख्या केल्या होत्या की मामा जिन्याखालच्या त्या फुटक्या आरशापुढून हलेनात. मामी म्हणाली, "चला आता, नजर लागेल." झालं, आठवड्यात देतो म्हणाला मास्तर.

तिथून पुढं नुसतं उद्या. अस्तर लागलं, खिसे झाले, बाही बसली, फक्त काजं राहिली. मामा रोज जायचे. "उद्या या." परत जायचे. "डोळ्याला जरा बरं वाटू दे." लग्न चार दिवसांवर आलं. गेले त्या दिवशीही मामा सकाळी जाऊन हात हलवत परत आले.

मामीचा जीव आधीच कामानं मेटाकुटीला आलेला. ती म्हणाली, "तरी सांगत होते! त्या बुडत्या दुकानात कोण शिवतं? मशीनवर करून घ्या ती भोकं आणि घेऊन या."

"तसा नकोय मला."

"कोण बघायला येणार आहे तुमची काजं?"

"मी बघणार आहे."

"मग बसा बघत. नाहीतर असं करा, त्या वकिलाचाच आणा परत. त्याला सवय आहे."

मामा टेबलाकडं वळले. इस्त्री गरम करायला लावली आणि पांढरा शर्ट पसरला. मामी भांड्यांकडं गेली.

दुपारी घरात माणसं जमली. धाकटी मामांच्या पायाशी बसून होती, तिला कोणी उठवू शकेना. मास्तरला गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं असणार, तो आला. हातावर पांढऱ्या फडक्यात कोट. दारातच थांबला. मामीकडं बघून म्हणाला, "वहिनी, काजं नाही झाली."

मामीनं फडक्याचं टोक उचलून पाहिलं.

"काजं आमची मंडळी करायची. जाऊन वर्ष झालं तिला. माझा हात कापतो, सुई धरवत नाही. कापडाच्या तुकड्यावर रोज करून बघत होतो, जमेल म्हणून."

"मग पहिल्या दिवशीच का नाही बोललात?"

"गिऱ्हाईक गेलं असतं."

"आणि मशीनवर का नाही करून घेतलीत?"

"ते घेणार नाही म्हणाले होते."

मामीला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात वर आलाही असेल. पण तिनं कोट घेतला, फडकं त्याला परत दिलं. तो जाईना, यायलाही धजेना, तिथंच चपलांजवळ उभा राहिला.

मामीनं टेबलावरचा जळका शर्ट बाजूला केला, इस्त्री लावली आणि कोटावरून एकदा फिरवली. जन्मात पहिल्यांदा मामांच्या कपड्याला इस्त्री दुसऱ्या कुणी केली. शेजारच्या दोघांनी हात लावला, मामांना कोट चढवला. खांदे सारखे बसले.

थोरला संध्याकाळी पोचला, ऑफिसच्या कपड्यांतच. बायको मागं. त्यानं बापाकडं पाहिलं, कोटाकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा लाजेनं परत त्याच्या लग्नातल्यासारखा पडला. वाकून मामीच्या कानाशी म्हणाला, "आई, हा कुणाचा? काढा तो आधी. उद्या कोणी मागायला आलं तर?"

मामीनं वर बघितलंसुद्धा नाही. ती मामांच्या छातीवर कोटाचे दोन्ही पल्ले जवळ आणून आतून सेफ्टी पिन लावत होती.

"गिऱ्हाईकाचा असता," ती म्हणाली, "तर याला काजं असती."