रिकाम्या चढाया

दौंडात आमच्या गल्लीत नवी सून येवो, कुणाकडे बारसं असो की कोपऱ्यावर चहाची नवी टपरी लागो, आप्पांकडून दहापैकी मार्क मिळाल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. आप्पा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी, मालगाडीचे निवृत्त गार्ड. लग्नात जेवून उठताना ते वरबापाच्या तोंडावर सांगत, "जिलबी साडेसात, मठ्ठा पाच, आन् तुमचा बँडवाला दोन." एकदा शोकसभेत एका पुढाऱ्याचं भाषण संपल्यावर सगळे मान खाली घालून बसले असताना आप्पा माझ्या कानाशी लागले, "चार. मेलेल्याचं नाव दोनदा चुकलं." त्यांचं कुजबुजणंही फलाटाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई, तेव्हा पुढाऱ्याचं काय झालं असेल ते झालंच. काकूंच्या पोह्यांना तर त्यांनी उभ्या संसारात सातच्या वर कधी जाऊ दिलं नाही. काकू बशी ठेवून दारात उभ्या राहत, "सात" ऐकत आणि पदर खोचून आत जात.

पण त्यांचा खरा जीव कबड्डीत. दौंड, शिरूर, जिथे सामने असतील तिथे आप्पा पांढरी टोपी घालून, खाकी पुठ्ठ्याची वही घेऊन हजर. आयुष्यभर त्यांनी गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली आणि डब्यांत काय होतं, एवढंच लिहिलं होतं. कबड्डीतही तेच. गडी गेला, गडी आला, काय आणलं. गुण आणला तर आकडा, नाही आणला तर एकच शब्द, 'रिकामी'. लोक पंचांपेक्षा त्या वहीला जास्त मानत, आणि आप्पांना ते ठाऊक होतं.

मी तेव्हा कुरकुंभच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. आमच्या साहेबांना कबड्डीचं वेड, म्हणून कंपनीचा संघ होता. गडी वर्षाच्या कराराने घेत. नावाला पॅकिंग खात्यात हजेरी, खरं काम संध्याकाळी मैदानावर. न्हावऱ्याचा दत्ता असाच आला. शिरूरच्या सामन्यात त्याने एका चढाईत तिघांना बाद केलं होतं आणि आप्पांनी उभं राहून साडेआठ दिले होते. त्या साडेआठच्या भरवशावर साहेबांनी त्याला जुन्या गड्यांपेक्षा जास्त पगार लावला. आणि आमच्याकडे आल्यावर पोरगं जे थंडावलं ते थंडावलंच. चढाईला जाई, उजव्या कोपऱ्यापर्यंत खोल घुसे, तिथे घोटाळत राही आणि हात हलवत परत येई. प्रेक्षक हुर्यो करू लागले. गुण सगळे कप्तानाचे.

करार संपत आला तेव्हा साहेब मला म्हणाले, "तुमच्या त्या आप्पांना विचारा, हा पोरगा या पैशाला परवडतो का?" मी विचारलं. आप्पांनी दोन दिवस वही चाळली आणि कागदावर लिहून दिलं, 'बहुतेक चढाया रिकाम्या. दहापैकी तीन.' म्हणाले, "माझा बी लई जीव हाय रं त्याच्यावर. पर वही खोटं बोलत न्हाई." करार न वाढवण्याचं पत्र मी टाइप केलं. दत्ताने ते उभ्यानेच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "आप्पांनी किती दिले?" मी सांगितलं. सांगायला नको होतं.

पुढच्या मोसमात आमचा कप्तान दर सामन्यात पकडला जाऊ लागला. आप्पांनी त्याला मैदानाबाहेर गाठून झापलं, तेव्हा तो घाम पुसत म्हणाला, "आप्पा, दत्ता होता तवा तो आधी जाऊन त्यांचा कोपऱ्यातला गडी दमवायचा. मीच सांगितलं होतं त्याला, तू दमव, गुण मी आणतो." आप्पांनी विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललास?" कप्तान खाली बघत म्हणाला, "मला कुणी इचारलं न्हाई. आन् गुण माझ्याच नावावर पडत होते."

आप्पांनी घरी येऊन जुनी वही काढली आणि मला हाक मारली. जिथे जिथे दत्ताची 'रिकामी' होती, तिच्या पाठोपाठ कप्तानाची चढाई आणि आकडा. पानामागून पान तेच, आप्पांच्याच ठसठशीत अक्षरात. बराच वेळ ते बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "घाटात गाडीला मागनं ढकलणारं इंजिन असतंय ना, ते रिकामंच परत येतंय रं. जन्म गेला माझा गाड्यांत, आन् मला कळू नये?"

दत्ताला परत घ्या म्हणायला साहेबांकडे गेलो तर संघच बंद करायचं ठरलं होतं. मग आम्ही एसटीने न्हावऱ्याला गेलो. दत्ता शेतातल्या कांदाचाळीत कांदा निवडत होता. अंगाने सुटला होता. आप्पांनी टोपी काढली आणि सरळ म्हणाले, "पोरा, माझं चुकलं. तू रिकामा येत नव्हतास."

दत्ता हातातला कांदा फिरवत राहिला. "असू द्या, आप्पा. मला वाटलं तुम्ही म्हंताय म्हंजी खरंच असंल. कप्तानानं सांगितल्यालं मला ठावं होतं, तरी बी तेच वाटलं. गावातली पोरं खेळाय बोलवायची, मी गेलोच न्हाई."

त्याने चहा आणवला आणि वातावरण हलकं करायला हसून विचारलं, "किती द्याल चहाला?" आप्पांनी कप तोंडाला लावला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. येताना एसटीत ते सारा वेळ खिडकीबाहेर बघत होते, आणि मलाही ते टाइप केलेलं पत्र ओळ न ओळ आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकूंनी पोह्यांची बशी ठेवली आणि सवयीने दारात उभ्या राहिल्या. आप्पांनी घास खाल्ला. "चांगले झालेत," म्हणाले.

"किती?" काकूंनी विचारलं.

"चांगले झालेत," आप्पा पुन्हा म्हणाले.

त्यानंतर आप्पांनी कशालाच मार्क दिले नाहीत. आप्पा गेल्यावर काकू एकदा माझ्या आईला म्हणाल्या, "रोज चांगले म्हणायचे. पण मी आपली दारात उभी राहायचे, सात तरी म्हणतील म्हणून."