उशिराचं कारण

आमच्या कार्यालयात तिला सगळे निरोपमावशी म्हणतात. युद्धात ताटातूट झालेल्यांचा शोध घ्यायचा आणि कुणी सापडलं की त्याची खबर घरच्यांना पोचवायची, हे आमच्या संस्थेचं काम. संस्था परदेशी, गाड्या परदेशी, पाय मात्र मावशीचे. निर्वासितांच्या छावणीतल्या चौदा गल्ल्या ती अकरा वर्षं तुडवते आहे, आणि राहतेही त्यातल्याच नवव्या गल्लीत.

निरोप उभ्या उभ्या द्यायचा नाही, हा तिचा दंडक. आधी समोरच्याला बसवायचं, मग आपण बसायचं, मग चिठ्ठी तारखेसकट वाचून दाखवायची. शेवटी वहीत पोच घ्यायची. त्या वहीत ‘उशिराचं कारण’ असा एक रकाना आहे. मावशी तो इमानेइतबारे भरते. ‘पूल बंद.’ ‘गुडघा धरला.’ एकदा तर ‘कुत्र्याने वाट अडवली.’ वहीतलं सगळं संगणकावर चढवणं माझ्याकडे, त्यामुळे मला फुकटची करमणूक.

पिवळ्या चिठ्ठीची मात्र कुणाला करमणूक वाटत नाही. पिवळ्या कागदावर एवढंच असतं : ‘जिवंत आहे. पत्ता कळवण्याची इच्छा नाही.’ सापडलेल्या माणसाला नको असेल तर पत्ता द्यायचा नाही, पण घरच्यांना एवढं तरी सांगायचंच, असा नियम आहे. ती न्यायची म्हटलं की बाकीच्यांची डोकी दुखायला लागायची. मावशी न्यायची. एका बाईने तिला पत्र्याचा मग फेकून मारला होता. टेंगूळ चोळत परत आली आणि म्हणाली, “चला, तिचं वाट बघणं तरी संपलं.”

स्वतः मावशीही वाटच बघत होती. पळापळीच्या दिवशी तिचा नवरा आपल्या म्हाताऱ्या आईची औषधं आणायला मागे वळला, तो परत आलाच नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या लेकीला परदेशात कायमचा आसरा मिळाला. यादीत मायलेकी दोघींची नावं होती. मावशी गेली नाही. “ते इथं आले आणि मी नसले, तर मला कुठं शोधतील?” लेक बसमध्ये बसेपर्यंत हातापाया पडत होती. गेल्या वर्षी त्या देशाने माणसं घेणंच बंद केलं. आता नात मोबाइलवर. तिला दात आला तेव्हा मावशीने फोटो आमच्या शिपायापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना दाखवला.

गेल्या महिन्यात कार्यालयाची रंगरंगोटी निघाली. मी आमच्या कार्यालयप्रमुख मोठ्या बाईंचा ड्रॉवर रिकामा करत होते. तळाशी, टाचण्यांच्या डबीखाली, एक पिवळी चिठ्ठी. वर मावशीच्या नवऱ्याचं नाव. तारीख, लेक गेली त्याच्या पाच महिने आधीची.

अशी तिडीक आली की मी कुणाला न विचारता चिठ्ठी घेऊन थेट बाहेर गेले. मावशी पिशवी खांद्याला लावून निघालीच होती. तिने आधी कागदाचा रंग बघितला, मग माझं तोंड.

“माझी?”

मी मान डोलावली.

“कुठं होती?”

“बाईंच्या ड्रॉवरमध्ये.”

तिने चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. सरळ बाईंच्या खोलीत गेली, मी मागोमाग. चिठ्ठी टेबलावर ठेवून ती म्हणाली, “बाई, खाली बसा आणि मला वाचून दाखवा.”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. “अगं, तुला सहन झालं नसतं. मी योग्य वेळ बघत होते.”

“वाचा.”

बाई जमिनीवर बसल्या, समोर मावशी. बाईंनी वाचलं.

“तारीख राहिली.”

बाईंनी तारीख वाचली. मावशीने बोटांवर महिने मोजले, आणि पाचव्या बोटावर तिचा हात थांबला.

“लेकीची बस सुटली तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात,” ती म्हणाली. “माझ्या पाठीवर हात होता तुमचा.”

“तुझ्या भल्यासाठीच गं. आणि तेव्हा तू गेली असतीस, तर छावणीत इथलं काम—” बाई मध्येच थांबल्या.

“ते सोडून गेले, ते परके झाले. त्यांचं मी बघून घेईन. पण बाई, मी डोक्यात पत्र्याचा मग खाल्ला, शिव्या खाल्ल्या, एकाची तरी चिठ्ठी ठेवून घेतली का? माझीच तेवढी ठेवलीत.” मग तिने वही पुढे सरकवली, पोच म्हणून सही केली आणि पेन बाईंच्या हातात दिलं. “तो रकाना तुमचा.”

बाईंनी पेन धरलं, पण लिहिलं काही नाही. मावशीने पिशवी त्यांच्या खुर्चीला अडकवली आणि ती घरी गेली. त्यानंतर ती कामावर आलेली नाही.

संध्याकाळी वही माझ्या टेबलावर आली. रकाना कोराच होता. पण तो कोरा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही, म्हणून मी लिहिलं : ‘बाईंनी लपवून ठेवली.’