आखाजीपर्यंतचं गाणं

कापसाच्या तेजीत वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी साठलं. कोणाकडे चांदीचे गोठ, कोणाकडे नागोरी बैल, कोणाकडे विलायती आरसे. आमच्या बुवांच्या घरी साठले किस्से. चार गाणारे एकत्र बसले की तंबोरा जुळेपर्यंत एक निघतो, आणि मध्येच तार तुटली तर नवी चढेपर्यंत दुसरा. आता माझ्याकडे पोरं येतात आणि विचारतात, "गाण्यात पडायचं तर आधी मन कसं करायचं?" मला उपदेश येत नाही. मी एका वर्षात काय काय घडलं ते सांगतो. त्यातून ज्यानं त्यानं काय ते घ्यावं.

* * *

मी नामदेव, अकोटजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा पोरगा. तिकडे अमेरिकेत कुठं लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस येईना, म्हणून साहेबलोक आमचा कापूस उचलत होते. अशा भरात मी घर सोडून अमरावतीला आलो.

बुवा राजापेठेत राहत. ग्वाल्हेरला शिकून आलेले, बोलणं मोजकं. शिकायला आलेल्याला ते गायला सांगत नसत. एकच विचारत, "गाणं नाही आलं तर काय करशील?"

माझ्याआधी ओसरीवर एक जण बसला होता. तो छाती काढून म्हणाला, "जीव देईन."

"मग विहीर दुसरी बघ," बुवा म्हणाले. "आमच्या विहिरीचं पाणी सगळी आळी पिते."

तो गेला. माझी पाळी आली. मी खरं तेच सांगितलं, "घरी शेती आहे."

"मग तीच कर."

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि पाय अडला. मागं वळून म्हणालो, "बुवा, शेती आहे म्हणूनच आलो. गाणं यायला उशीर लागला तरी उपाशी मरत नाही. मला घाई नाही."

बुवांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तंबोरा लावता येतो?"

"नाही."

"बस मग. गाण्याचं पुढं बघू."

ते पुढं यायला पावसाळा उजाडला. तोवर मी नुसत्या तारा पिळत होतो आणि एकच षड्ज धरत होतो.

* * *

घाई मला नव्हती, पण बाबांना होती. मी येऊन महिना झाला नसेल, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ते बैलबंडी घेऊन हजर झाले. हातात काठी होती. मी आत तंबोरा लावून षड्ज धरून बसलो होतो. बुवांनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मला षड्ज थांबवू दिला नाही.  माझा सूर हलत होता.

उन्हं चढली तेव्हा बाबा म्हणाले, "महाराज, हा एकच एक काहून म्हणून राहिला?"

"तुम्ही शेतात वखर किती वेळा फिरवता?"

"तण जाईपर्यंत."

"इथंही तेच चाललंय."

बाबांना हे पटलं, पण पुरलं नाही. "वखरानंतर पीक येते, महाराज. याच्यानंतर काय येते?"

मला वाटलं बुवा आता काही मोठं बोलतील. दरबार, शालजोडी, नाव. बुवा म्हणाले, "ते मला सांगता येत नाही."

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. पुढं खूप वर्षांनी ते मला म्हणाले होते, की त्या दिवशी बुवांनी एक जरी आशा दाखवली असती, तर मी तुले बंडीत घालून नेला असता.

"आमच्याकडे सालदार आखाजीले लागते आन् पुढच्या आखाजीले मोकळा होते," बाबा बुवांना म्हणाले. "याचं बी तसंच. पुढच्या आखाजीले मी बंडी घेऊन येतो. लोकं बसून याचं गाणं ऐकत असले तर राहू द्या. नाही तर मी नेतो. आन् लोकं म्हणजे तुमी नाही. तुमी मायेपोटी ऐकसान."

बुवांनी मान हलवली. झाला करार. मला कोणी विचारलंच नाही.

* * *

आमच्या घोळक्यात वामन म्हणून माझा गुरुबंधू होता. माझ्यापेक्षा चार वर्षं आधीचा. आवाज असा की रस्त्यानं जाणारा घागर डोक्यावर तशीच धरून उभा राही. पण चार माणसं समोर बसली की वामनचे ओठ सुकत. माझंही तसंच होई, फक्त माझ्यात सुकण्यासारखं फार काही नव्हतं.

दिवाळीनंतर कापसाचा बाजार भरला. एके सकाळी बुवांनी आम्हा दोघांना तिथं नेलं आणि एका लिंबाच्या झाडाखाली बसवलं. चारी बाजूंना बंड्या, अडत्यांची ओरड, बैलांच्या घंटा. "म्हणा," बुवा म्हणाले आणि स्वतः निघून गेले.

आम्ही म्हणायला लागलो. मला वाटलं सगळा बाजार आता हसणार.  डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर एकही माणूस आमच्याकडे पाहत नव्हता. एक गाडीवान तेवढा आला. वामनची छाती फुगली.

गाडीवान म्हणाला, "भाऊ, उलसाक तिकडे सरकता का? मले बैल बांधाचे हायेत."

संध्याकाळी वामन रडकुंडीला येऊन बुवांना म्हणाला, "कोणी ऐकलंच नाही."

"मग इतकं घाबरला होतास कोणाला?" बुवा म्हणाले.

* * *

त्याच हिवाळ्यात एका व्यापाऱ्याच्या वाड्यात बैठक होती. पुढं अंगण, मध्ये बैठकीची खोली, मागं वखार, वखारीत छपरापर्यंत कापूस. बुवा गात होते. वामन आणि मी मागं तंबोऱ्यावर. डाव्या हाताला सारंगीवर खाँसाहेब. ते बुवांचे लहानपणापासूनचे साथीदार. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दिवसाढवळ्यासुद्धा माणूस आवाजावरून ओळखत.

कोणाच्या चिलमीची ठिणगी उडाली ते कळलं नाही. आधी वास आला. मग वखारीच्या दारातून धूर आला, आणि पाहता पाहता माणसं एकमेकांच्या अंगावरून पळायला लागली. कापूस पेटला की तो भडकत नाही, आतल्या आत पसरतो. आणि धूर असा की समोरचा हात दिसत नाही.

मी खाँसाहेबांचा दंड धरला. ते सारंगी पोटाशी धरून, "कौन, नामदेव?" एवढंच विचारत होते. भिंतीला हात लावत लावत आम्ही बाहेर आलो. 

बाहेर वामन उभा होता. बुवांचा तंबोरा त्यानं उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला होता. डोळ्यांत पाणी होतं. "बुवा, तंबोरा वाचवला," तो म्हणाला. "जिवावर उदार होऊन आणला."

वामन खाँसाहेबांच्या अगदी शेजारी बसलेला होता.

बुवांनी तंबोरा घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "वामन, असा तंबोरा मिरजेहून दुसरा मागवता येतो."

मग ते खाँसाहेबांच्या अंगावरची राख झटकायला लागले. वामन त्या दिवशी जेवला नाही.

* * *

माघात अकोल्याहून बोलावणं आलं. तिथला मोठा व्यापारी हौशी होता. त्यानं वामनचं नाव ऐकलं होतं. वामनला एकट्याला गायचं होतं. आगीनंतर तो गप्प गप्पच असे. त्याला वाटत होतं, या बैठकीनं सगळं धुऊन निघेल.

आम्ही जागा पाहिली, खाँसाहेबांनी नुसत्या वासावरून नाक मुरडलं. लांबच लांब पडवी, आणि तिन्ही बाजूंनी रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, गठ्ठे रचलेले. गाद्या, तक्के, अत्तर, सगळं होतं.

वामननं षड्ज लावला आणि दचकून मागं तंबोऱ्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मीही दचकलो. आवाज तोंडातून निघत होता आणि नाहीसा होत होता. भिंतीवरून काही परत येत नव्हतं. स्वतःचंच गाणं स्वतःला ऐकू येईना. वामननं आवाज वाढवला. रुईनं तोही गिळला. त्यानं आणखी वाढवला. मानेच्या शिरा टरारल्या. खाँसाहेब सारंगी हळू करत करत त्याला खाली आणू पाहत होते. तो अजून वर गेला. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, ते घशात जात होते. लोक "वाहवा" म्हणत होते, कारण जोर दिसत होता.

मग तार षड्जावर काहीतरी फाटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. त्यानंतर वामनचं तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बंडीतून परत निघालो. अमरावती जवळ आली तेव्हा खाँसाहेब वामनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेटा, रुई तो सब पी जाती है. तू काहून तिच्याशी भांडला? ती आवाज परत देत नाही, म्हणून तुझा सूर खोटा होतो काय?"

वामननं मान हलवली. बोलता येत नव्हतं त्याला.

* * *

वैद्यानं त्याला बोलणंसुद्धा बंद सांगितलं. मला वाटलं, वामन आता घरी जाईल. तो गेला नाही. रोज पहाटे उठून तो खाँसाहेबांपाशी बसे. ते सारंगी वाजवत, हा ऐके. पाणी भरे, खाँसाहेबांना हाताला धरून नदीवर नेई.

एकदा मी गाताना गंधार जरा उतरला. मला कळलं नाही, बुवा आत होते, त्यांनाही कळलं नसावं. वामननं टिचकी मारली आणि बोट वर केलं. मी सूर चढवला. त्यानं बोट खाली घेतलं.

बुवा दारात येऊन उभे होते. मला म्हणाले, "याच्यापाशी बसत जा. हा आता ऐकायला लागलाय."

* * *

आखाजी जवळ आली. माझं गाणं अजून चार माणसांनीही बसून ऐकलं नव्हतं. बुवांनी अकोटच्या एका शेटजींना शब्द टाकला. कापसाच्या जिवावर त्यांनी नवी हवेली बांधली होती, तिच्या वास्तुशांतीनिमित्त दुपारी गाणं ठरलं. आखाजीच्या आदल्याच दिवशी. बाबांना निरोप गेला.

आम्ही पोचलो तेव्हा चौक भरून गेला होता. बाबा शेवटच्या खांबाशी गाडीवानांमध्ये बसले होते. बाहेर त्यांची बंडी बैल जुंपून उभी होती. माझं सामान घालायला मागची बाजू झाडून ठेवली होती, तेही मी पाहिलं.

शेटजी मधोमध बसले होते. मी तंबोरा घेतला. मागं वामन, डावीकडे खाँसाहेब. भीमपलास सुरू केला. पहिले काही सूर बरे लागले.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला आणि शेटजींच्या कानाला लागला. शेटजींचा चेहरा हलला नाही, पण हातातलं पान तसंच राहिलं. मग ती कुजबुज मागं सरकत गेली. अमेरिकेतली लढाई संपली होती. कापसाचा भाव कोसळला होता.

पहिल्या ओळीतला एक अडत्या उठला, जोडे घालून गेला. मग दोघं. मग एका बाजूची सगळी रांग. कोणी हळूच, कोणी धावत. माझी नजर प्रत्येक उठणाऱ्याबरोबर दारापर्यंत जात होती आणि सूर तिच्या मागं ओढला जात होता.  मी बुवांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

मागून वामननं टिचकी मारली.

मी दाराकडे पाहणं सोडलं. समोर बघायला काही नव्हतं, म्हणून सारंगी ऐकायला लागलो. मध्यम कुठं आहे, निषाद किती कोमल आहे, एवढंच. चौक किती रिकामा झाला ते मला समजलं नाही. विलंबित झालं, द्रुत झालं, चीज संपली. मी तंबोऱ्यावरून हात काढला.

गाद्या रिकाम्या होत्या. शेटजी तेवढे मधोमध बसले होते, पान हातात धरून.  आम्ही उठावं की बसावं ते कळेना. बाबा शेवटच्या खांबाशी नव्हते. मी मान खाली घातली.

"पुन्हा म्हण," शेटजी म्हणाले.

"काय म्हणू, शेटजी?"

"हेच. आत्ता जे म्हटलं ते. मी इथं नव्हतो."

उन्हं उतरली होती. भीमपलासाची वेळ टळत आली होती, आणि वेळेबाहेरचा राग बुवा कोणाला तोंडातून काढू देत नसत. मी त्यांच्याकडे पाहिलं. बुवांनी मान हलवली. वामनचा तंबोरा सुरू झाला होता.

दारातून बाबा आत आले. पागोट्याच्या शेवानं हात पुसत ते सरळ पुढं आले, शेटजींच्या बाजूच्या मोकळ्या गादीवर मांडी घालून बसले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,

"म्हण. बैल सोडले मी."